हिप्पी पोस्टर: बंड की नुसती जाहिरात?

खडूस_रेघोट्या:
१९६६-६७ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या रॉक संगीताच्या पोस्टरांवरची ती वितळणारी अक्षरं दिसली की लोक 'एलएसडीची कला' म्हणून मोकळे होतात. मला नाही पटत. त्यातल्या वेस विल्सन या पोस्टरकाराची ज्वाळांसारखी अक्षरं बघा आणि व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरचं १९०३ चं पोस्टर बघा. विल्सनने ते वळण तिथूनच उचललं. दुसरा पोस्टरकार व्हिक्टर मॉस्कोसो तर येल विद्यापीठात चित्रकार जोसेफ आल्बर्सकडे रंग शिकलेला. सारख्याच उजळपणाचे लाल आणि हिरवा शेजारी लावले की कडा थरथरायला लागतात. त्याला नशा कशाला हवी, अभ्यास हवा. आणि हे सगळं कशासाठी? कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमच्या फिलमोर सभागृहात गर्दी जमवायला!

धूपदान:
जाहिरात तर जाहिरात. पण पटकन वाचताच येणार नाही अशी जाहिरात कोण छापतो हो? पोस्टरने निरोप झटपट पोचवावा, हा शाळेतला नियम. मॉस्कोसोने स्वतःच सांगितलंय की असले नियम उलटे केल्यावर त्याला वाट सापडली. घाईतला माणूस पुढे जातो, ज्याला त्या जगात यायचंय तो खांबापाशी थांबून अक्षरं सोडवत बसतो. हे रोलरने शिकवलं नव्हतं. ते हेट-ॲशबरी या तिथल्या हिप्पी वस्तीच्या रस्त्यांवरूनच आलं.

नाक्यावरचा:
दोघांचंही चालू द्या, मला उसनवारीचं बोलायचंय. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा तो गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा माउस आणि केली या पोस्टरकारांनी उमर खय्यामच्या रुबायांच्या एका जुन्या आवृत्तीतून घेतला. मूळ चित्र एडमंड सलिव्हनचं, सापडलं शहराच्या वाचनालयात. १४ जानेवारी १९६७ च्या 'ह्यूमन बी-इन' या हिप्पी मेळाव्याच्या एका पोस्टरवर तर चक्क आपला जटाधारी साधू, वर कपाळावर तिसरा डोळा! बंड त्यांचं, साधू आपला. त्याला कुणी विचारलं होतं का?

खडूस_रेघोट्या:
@नाक्यावरचा, हेच तर! मिळेल ते उचला, चकचकीत रंग द्या, विका. धूपदान, पुढचंही ऐका. १९६७ मध्ये विल्सन आणि ग्रॅहम पैशांवरून भांडले, विल्सन बाहेर पडला आणि ग्रॅहमची बायको बॉनी मॅक्लीन पोस्टरं करू लागली. (तिची कामं सुरेख आहेत, पण तिचं नाव कोण घेतो?) त्याच ऑक्टोबरात हेटमधल्या मंडळींनीच 'हिप्पी मेला' म्हणून अंत्ययात्रा काढली. एवढंच आयुष्य त्या बंडाचं.

धूपदान:
अंत्ययात्रा काढली ती बाजाराने बनवलेल्या हिप्पीची, म्हणजे तुमच्याच तक्रारीची! आणि चित्रकाराने आपल्या कामाचे पैसे मागितले तर बंड खोटं कसं ठरतं? मॉस्कोसोने 'निऑन रोझ' ही पोस्टरमालिका स्वतः छापली, हक्क स्वतःकडे ठेवले. मालकाला वगळून थेट विकणं, हे मला तरी त्या सगळ्या फुलापानांपेक्षा जास्त बंडखोर वाटतं.