लवचिक वेळ घेतली तरी रोज तोच वेटर मागता येतो

‘क्रूझवर रात्रीच्या जेवणाची वेळ मोकळी ठेवली की रोज नवं टेबल, नवा वेटर, ओळखच होत नाही’ असं म्हणतात, ते मला पटलं नाही. ठरलेल्या वेळेच्या पद्धतीत साधारण सहा आणि सव्वाआठ अशा दोन पंगती असतात, टेबल सफरभर तेच. ‘माय टाइम’ किंवा ‘एनीटाइम’ अशा मोकळ्या वेळेच्या पद्धतीत टेबल जेवणाच्या हॉलच्या दारावर मिळतं हे खरं, पण आवडलेल्या वेटरचंच टेबल मागता येतं, आणि बऱ्याच जहाजांवर रोजची वेळ आधी राखूनही ठेवता येते.

आम्ही पुण्याहून आईला घेऊन गेलो होतो. ती कांदा-लसूण खात नाही. पहिल्या रात्री हे समजावण्यातच अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी दुपारीच हेड वेटरला गाठलं आणि पहिल्या रात्रीच्याच वेटरकडे रोज साडेसात पक्कं केलं. मग तो रात्री उठण्याआधी उद्याचा मेनू दाखवायचा, आईसाठी काय हवं ते लिहून न्यायचा. तिसऱ्या रात्री चक्क वरण-भात आला, तेव्हा आई पहिल्यांदा पोटभर जेवली. शाकाहाराची नोंद मात्र बुकिंग करतानाच करा, कारण स्वयंपाकाचं सामान बंदरावरच चढतं.