क्रॉसबोवर स्कोप कशाला? ३० यार्डांपर्यंत रेड डॉट पुरे

नेमधारी
मी फक्त टार्गेटवर क्रॉसबो (ट्रिगरचं आडवं धनुष्य) चालवतो. तीन वर्षं स्कोप (नेमाची दुर्बीण) वापरला, आता काढून रेड डॉट (मोठं न करता काचेत नुसता लाल ठिपका दाखवणारी साईट) बसवलाय. ज्याला ३० यार्डांच्या (साधारण २७ मीटर) पलीकडे बाण सोडायचाच नाही, त्याने स्कोपच्या भानगडीत पडू नये असं माझं ठाम मत आहे. स्कोपमागे डोळा तीन-चार इंचांवरच धरावा लागतो, मान जरा हलली की कडेने काळी सावली येते. रेड डॉटला हा जाच नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि वजनही कमी. चौपट मोठं दिसलं की नेम सुधारतो म्हणतात, पण हाताची थरथरही चौपट दिसते. ती बघून माणूस ट्रिगर घाईने ओढतो. माझं तेच व्हायचं.

बाणाचीवाट
अजिबात पटलं नाही. क्रॉसबोचा स्कोप घ्यायचा तो आतल्या अंतराच्या खुणांसाठी, झूम त्यानंतर. हिशोब करून बघा. वेग सेकंदाला ३०० फूट, साईट बाणाच्या ६ सेंमी वर, आणि झीरो, म्हणजे ठिपका धरला तिथेच बाण लागेल अशी जुळणी, २० यार्डांवर केलंय. हवेचा अडथळा धरला नाही तरी तोच ठिपका ठेवून ३० यार्डांवर बाण सुमारे १२ सेंमी खाली लागेल आणि ४० वर ३३ सेंमी. म्हणजे तुम्ही घातलेल्या मर्यादेच्या आतच नेम चुकतोय! एका ठिपक्याने किती वर धरायचं ते दर वेळी अंदाजाने ठरवणार का? स्कोपमध्ये २०, ३०, ४०, ५० च्या रेघा असतात, हवी ती टेकवायची.

नेमधारी
तीन ठिपक्यांचे रेड डॉटही मिळतात, ते विसरलात. आणि त्या रेघांवर इतका भरवसा नको. स्कोपवर बाणाचा वेग लावायची रिंग असते, ती लोक खोक्यावरच्या आकड्यावर लावून मोकळे होतात. तो आकडा बहुतेकदा हलक्या बाणाचा असतो. जड बाण लावला की वेग उतरतो आणि सगळ्या रेघा खोट्या ठरतात.

बाणाचीवाट
रिंगबद्दल पूर्ण सहमत, पण हा दोष ती लावणाऱ्याचा. आपल्याच बाणाने २० वर झीरो करायचं, मग ४० ची रेघ धरून तीन बाण सोडायचे. ते खाली लागले तर रिंग कमी वेगाकडे सरकवायची. रिंग फिरवली की झूम बदलतो आणि त्यासोबत रेघांमधलं अंतर टार्गेटवर कमीजास्त होतं, सगळी युक्ती तेवढीच आहे. एका दुपारचं काम. तीन ठिपके मात्र कारखान्याने ठरवलेल्या अंतरावर अडकलेले असतात, तुमच्या बाणाशी जुळले तर नशीब.

सरळदोरी
दोघांनीही डोळ्याचा विषय सोडला. मला अ‍ॅस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या वक्रतेतला दोष) आहे, रेड डॉटचा ठिपका मला फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो. विकत घेण्याआधी एकदा त्यातून बघाच. काचेवर कोरलेली रेघ स्वच्छ दिसते आणि बॅटरी संपली तरी जागेवर असते.
आणि कृपा करून रायफलचा पडून असलेला स्कोप लावू नका. त्याचा पॅरलॅक्स (डोळा हलल्यावर नेमाची खूण सरकलेली दिसणं) बहुधा १०० यार्डांवर शून्य बांधलेला असतो, ३० वर डोळा जरा सरकला की नेम सरकतो. शिवाय क्रॉसबोची पाती (धनुष्याचे वाकणारे हात) पुढे जाऊन एकदम थांबतात, तो झटका माउंटचे स्क्रू सैल करतो. दर सत्राआधी तपासत जा, स्कोप असो की रेड डॉट.

नेमधारी
आज सकाळी बाणाचीवाट यांचा हिशोब करून पाहिला. २० वर झीरो, मग ३० वर पाच बाण, ठिपका मधोमध. पाचही खाली, सरासरी ११ सेंमी. इतके दिवस मी हे माझ्या ट्रिगरच्या खात्यावर टाकत होतो. तेव्हा शीर्षकातला ३० हा आकडा मागे घेतो, २० म्हणतो. २० च्या आत मात्र स्कोप लावायला मी अजूनही तयार नाही.