मदत हवी आहे : आईबाबांना घेऊन जॉर्डन (पेट्रा आणि वादी रम)

डिसेंबरात पाच रात्री जॉर्डनला जायचंय. सोबत आई (66) आणि बाबा (70). आईचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी. पेट्राला (खडकात कोरलेलं प्राचीन शहर) एक दिवस पुरेल का? जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा एकत्रित प्रवेश-पास) घ्यावा का? अम्मानहून गाडी कुठल्या रस्त्याने न्यावी?

प्रतिसाद १
पास नक्की घ्या, आणि तो जॉर्डनमध्ये उतरण्याआधी. 70 दिनारचा पास पेट्राच्या एका दिवसाचा, 75 चा सलग दोन दिवसांचा. किमान तीन रात्री राहिलात की 40 दिनारची व्हिसा फी माफ. पेट्राचं एका दिवसाचं तिकीटच 50 दिनार आहे, त्यामुळे हिशोब सरळ आहे. मात्र पासाने फक्त फी वाचते, व्हिसा मिळेलच असं नाही. भारतीय पासपोर्टच्या अटी विमानाचं तिकीट काढण्याआधी तपासा.

75 चाच घ्या. पेट्रा एका दिवसात उरकायची जागा नाही, आणि गुडघे दुखत असतील तर मुळीच नाही. फाटकापासून सीक ही घळ सुरू होईपर्यंत पाऊण किलोमीटर, मग सीक सव्वा किलोमीटर, तेव्हा कुठे खजिना (ट्रेझरी, कड्यात कोरलेली प्रसिद्ध दर्शनी इमारत) दिसतो. जाताना उतार, म्हणजे परतीला थकल्या पायांनी चढ. आईंसाठी येताना विजेची गाडी करा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर आत शिरा आणि सीकमध्ये रेंगाळा. भिंतीत नबातियन लोकांनी, म्हणजे पेट्रा वसवणाऱ्या प्राचीन अरबांनी, कोरलेला पाण्याचा पाट आणि खापरी नळांचे तुकडे अजून दिसतात. वाळवंटात हे शहर उभं राहिलं ते त्या पाण्याच्या जोरावर, म्हणून ते बघितल्याशिवाय पुढे पळू नका.

मॉनेस्ट्री, म्हणजे डोंगरावरची खडकात कोरलेली दुसरी मोठी वास्तू, दुसऱ्या दिवशी, दुपारनंतर. तिचं तोंड पश्चिमेला आहे, ऊन तेव्हाच पडतं. पण वर जायला साधारण 800 पायऱ्या आहेत, झिजून गुळगुळीत झालेल्या. आईंना गाढवावर बसवू नका. उतरताना प्राण्याचा पाय घसरतो आणि बाजूला दरी असते. त्यांना खाली बसू द्या, वर तुम्ही जाऊन या.

प्रतिसाद २
रस्त्याबद्दल : जाताना डेझर्ट हायवे, तीन तास. दुसरा रस्ता, किंग्ज हायवे, मादाबा आणि केराक या गावांवरून जातो, सुंदर आहे, पण वळणावळणाचा आणि पूर्ण दिवस खाणारा. डिसेंबरात त्या वाटेवरच्या शोबकच्या बाजूला बर्फही पडतो.

पावसाचा अंदाज रोज बघा. 1963 साली सीकमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात फ्रेंच पर्यटक दगावले होते. आज सीकच्या तोंडाशी बंधारा आहे, तरी रखवालदार बाहेर व्हा म्हणाले की लगेच निघायचं. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि इथे आभाळ कोरडं असतं.

धागाकर्ता
खूप आभार! वादी रमच्या वाळवंटात रात्री राहावं का? आणि जेवणाचं काय?

प्रतिसाद २
एक रात्र राहा, पण पारा शून्याजवळ जातो. बुकिंग करतानाच तंबूत हीटर आहे का आणि तो रात्रभर चालतो का, हे विचारून घ्या, कारण काही कॅम्पमध्ये जनरेटर रात्री बंद करतात. जीप म्हणजे मागे उघडा पिकअप, तेव्हा कानटोपी आणि मफलर हवाच. जेवणात झर्ब असतं, वाळूत पुरलेल्या भट्टीतलं, आणि मांस-भाज्या बहुधा एकत्रच शिजतात. भाज्या वेगळ्या शिजवायला आदल्या दिवशीच सांगा. मसूराचं सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का तेही विचारा. हमस (छोल्यांची चटणी), फलाफल, मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं) आणि खुब्ज (रोटी) मात्र निर्धास्त खा.