मदत हवी आहे: ३जी प्लेट रूट बेंडला फाटते (आयटीआय, वेल्डर ट्रेड)

धागाकर्ता
३जी पोझिशनला, म्हणजे खालून वर चढत्या वेल्डला, टेस्ट पीस रूट बेंडमध्ये (वेल्डची तळाची बाजू ताणली जाईल अशी पट्टी वाकवून बघायची चाचणी) फाटतोय. एमएस प्लेट, १० मिमी जाड. दोन्ही कडांना ३० अंशांचा बेव्हल (तिरका उतार), रूट फेस (बेव्हलखाली सरळ ठेवलेली कड) २ मिमी, दोन प्लेटींमधला गॅप २ मिमी. डीसी इन्व्हर्टर मशीन, होल्डर पॉझिटिव्हला. रॉड ७०१८ (लो-हायड्रोजन), ३.१५ मिमी; रूटपासून (तळाचा पहिला पास) कॅपिंगपर्यंत (सगळ्यात वरचा पास) तोच, करंट ११० अँपिअर. मागून बघितलं तर काही जागी प्लेटची कड न वितळता तशीच राहिलेली दिसते. रॉड बदलला की त्या जागी बारीक छिद्रं पडतात. कॅपिंग मधोमध लोंबतं. हात सुधारायचा की सेटिंग?

रूटपास
आधी फिट-अप (प्लेटींची जुळणी) सुधारा, हाताचं नंतर बघू. २ मिमी गॅपमध्ये ३.१५ चा रॉड खोलवर जातच नाही, आर्क बेव्हलवरच जळतो. रूटला २.५ मिमीचा रॉड घ्या, करंट ७५ ते ८५. रूट फेस दीडवर आणा. गॅप खाली ३ आणि वर साडेतीन ठेवा, कारण वेल्ड आकसतं आणि वर जाईपर्यंत गॅप मिटत जातो. ३.१५ च्या रॉडचं फ्लक्स झाडून तार यू आकारात वाकवा आणि मध्ये धरून टॅक (प्लेटी धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारा, खालच्या टोकाचा गॅप अचूक येतो. दोन्ही टोकांना १५ मिमीचे टॅक, आणि त्यांची आतली टोकं ग्राइंडरने उतरती करा. नाहीतर रूट टॅकला जोडतो तिथेच कच्चा राहतो.

चालवताना रॉडचं टोक ५ ते १० अंश वर, आर्क अगदी आखूड. पुढे कीहोल (कडा वितळून गॅपमध्ये पडणारं छोटं भोक) उघडं दिसलं पाहिजे. ते बुजलं तर मागे वितळ पोचत नाही. मोठं होत गेलं तर करंट ५ ने उतरवा.

शॉपफ्लोअर
छिद्रांबद्दल: फक्त सुरुवातीला पडत असतील तर आर्क लांब राहतोय. पूर्ण लांबीभर असतील तर रॉड ओला आहे. तुमचं पहिल्या प्रकारातलं दिसतं.

७०१८ विझला की टोकावर काचेसारखी टोपी जमते. ती फोडायला रॉड जोरात आपटला तर कडेचं फ्लक्सही उडतं, तार उघडी पडते आणि पहिल्याच क्षणी हवा आत शिरते. टोक फाईलवर हलकं घासा. क्रेटर (वेल्ड थांबला तिथला खड्डा) ग्राइंड करून १५ मिमी उतार काढा, आर्क त्या उताराच्या खाली, झालेल्या वेल्डवर मारा, तापवत वर न्या आणि कीहोलपाशी क्षणभर आत दाबा. मला विचाराल तर सराव याचाच करा: एकाच प्लेटवर मुद्दाम चार-पाच वेळा थांबून पुन्हा सुरू करायचं. सलग रूट बऱ्याच जणांना जमतो, जोड जमत नाही.

रॉड ओव्हनमधून काढले की ४ तासांत संपवा. पावसाळ्यात उघडं पाकीट तसंच वापरू नका. साधारण ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजा, पाकिटावर वेगळं दिलं असेल तर तेच पाळा.

धागाकर्ता
कॅपिंगचं काय? आणि बेंडची पट्टी ग्राइंड करताना काही चुकतं का?

रूटपास
कॅपिंगला ३.१५ चालेल, पण करंट १०० ते १०५. दोन्ही कडांना थांबा, मधून झटकन पलीकडे जा. कडांना थांबला नाहीत तर अंडरकट (कडेला खाच), मध्ये रेंगाळलात तर लोंबणार. प्लेट लालबुंद असताना पुढचा पास चढवू नका. प्रत्येक पासनंतर कडेचा स्लॅग (फ्लक्सची कडक खपली) चिपिंग हॅमरने काढून वायर ब्रश मारा.

पट्टीवर ग्राइंडरचे ओरखडे लांबीच्या दिशेने हवेत. आडवा ओरखडा राहिला तर चांगलं वेल्डही तिथून फाटायला सुरुवात होते. चारही कोपरे किंचित गोल करा आणि पट्टी पाण्यात बुडवून थंड करू नका.