मदत हवी आहे: मुलांच्या चुकांची वही आहे, संशोधनाचे क्षेत्र कोणते लिहू?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवते. मराठी साहित्यात एम.ए. करून चौदा वर्षे झाली. भाषाविज्ञानाशी संबंध आला तो एका पेपरापुरता. आता पीएच.डी.चा आराखडा लिहायला घेतला आहे आणि 'संशोधनाचे क्षेत्र' या पहिल्याच रकान्यात अडले आहे. उपयोजित भाषाविज्ञान, म्हणजे भाषेचा अभ्यास व्यवहारातल्या प्रश्नांना लावणारी शाखा, एवढे लिहून भागत नाही, पुढचे उपक्षेत्रही लिहावे लागते, आणि तेच ठरत नाही.

माझ्याजवळ सामग्री आहे. गेली सहा वर्षे मी एक दोनशेपानी वही ठेवते: डाव्या पानावर मुलाचे वाक्य जसेच्या तसे, उजव्या पानावर इयत्ता, घरची भाषा आणि तारीख. सुरुवात गंमत म्हणून झाली. स्नेहसंमेलनाच्या आधी हिंदीभाषक घरातली एक मुलगी मला म्हणाली, "टीचर, आम्ही सगळे मिळून नाटक बसवूया ना, तुम्ही पण!" मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की आत येतो, तिने मला एकाच दमात बाहेर काढून पुन्हा आत बोलावले होते. हिंदीत दोन्हींसाठी 'हम' चालतो, म्हणून हे घडले असे मी तेव्हा समजले.

पुढे लक्षात आले की त्याच वर्गातली गुजरातीभाषक मुले ही चूक करीत नाहीत, कारण त्यांच्याकडे 'अमे' आणि 'आपणे' असा भेद घरातूनच येतो. गुजरातीत लिंगेही मराठीसारखी तीन असल्यामुळे 'चांगले पुस्तक' त्यांना सहज जमते. हिंदीभाषक मुलगा मात्र 'ही पुस्तक चांगली आहे' असे लिहितो, कारण त्याच्या भाषेत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग नाहीच. तमिळभाषक मुलांची गोष्ट आणखी निराळी. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद तमिळमध्ये आहे, पण निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. त्यामुळे सर्वनामाची चूक वहीत एकही नाही आणि लिंगाच्या चुकांनी पाने भरली आहेत.

एवढ्यावर सगळे सरळ वाटले असते, पण वहीत 'मुलगाने सांगितले' अशी वाक्येही भरपूर आहेत. घरच्या हिंदीचा प्रभाव म्हणावा, तर हिंदीतही 'लड़का'चा 'लड़के ने' होतोच, म्हणजे प्रत्ययाआधी शब्दाचे रूप बदलण्याची सवय त्या मुलाला आहे. शिवाय माझा भाचा तीन वर्षांचा असताना 'कुत्राला' म्हणत असे, आणि आमच्या घरात मराठीखेरीज दुसरी भाषा बोलली जात नाही. 'मीने काम केला' यातला 'मीने' तर हिंदीतल्या 'मैंने'वरून आला की मराठीतल्याच 'त्याने'वरून ओढला गेला, हे मला आजही सांगता येत नाही.

ही वही घेऊन मी चार जाणकारांना भेटले आणि चौघांनी चार दारे दाखवली.

पहिल्यांच्या मते हे उघडच द्वितीय भाषा संपादनाचे, म्हणजे घरच्या भाषेनंतरची भाषा माणूस कशी आत्मसात करतो याच्या अभ्यासाचे, काम आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये अनवधानाने घडणारी चूक आणि शिकणाऱ्याच्या मनातल्या नियमातून घडणारी चूक यांत भेद केला, आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अशा अर्धवट वाटणाऱ्या पण आपल्या जागी नियमबद्ध असलेल्या भाषेसाठी जी संकल्पना मांडली, तिला आपल्याकडे 'अंतरभाषा' म्हणतात. हे वाचले तेव्हा वहीकडे बघण्याची माझी नजरच बदलली, हे मान्य करते.

दुसऱ्या बाईंनी मात्र 'चूक' या शब्दालाच हरकत घेतली. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास त्यांनी वाचायला दिला. गम्पर्झ आणि विल्सन यांच्या १९७१ च्या त्या लेखात असे दिसते की, पिढ्यानपिढ्या शेजारी नांदलेल्या मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द आपापले राहिले, पण वाक्यांचे साचे इतके जवळ आले की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता यावे. मुंबईतही तसेच काही चालले असेल, तर लाल पेन घेऊन बसणारी मी कोण, असा त्यांचा प्रश्न होता. मला तो झोंबला, कारण मी लालबागच्या चाळीत वाढले, घरी सर्रास 'मी त्याला बोलले' म्हणते आणि शाळेत त्याच वाक्याखाली रेघ मारून 'म्हणाले' लिहिते.

तिसऱ्यांना वहीत भाषाधोरण दिसले. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण मराठी घरातले मूल आणि नुकतेच राज्यात आलेले मूल यांना एकच पाठ्यपुस्तक आणि एकच प्रश्नपत्रिका मिळते. तेव्हा परीक्षेतून नेमके काय मोजले जाते, हे तपासा, असे ते म्हणाले. हे मूल्यमापनाचे क्षेत्र आणखी वेगळे. चौथ्या तरुण संशोधकाने फक्त एवढेच विचारले की हे सगळे संगणकावर आहे का. बेल्जियममध्ये १९९० पासून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या निबंधांचा संग्रह उभा राहिला, तसा मराठीचा करावा, असा त्याचा आग्रह आहे.

त्यानंतर मी स्वतः वाचायला लागले आणि गोंधळ वाढला. एडिंबरा विद्यापीठात १९५७ मध्ये उपयोजित भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तेव्हा तो मुख्यतः भाषा-अध्यापनापुरता होता. आज न्यायालयातल्या जबाबांची भाषा, वाचादोषांचे निदान, दुकानांच्या पाट्या, यंत्रानुवाद हे सगळे त्याच छत्राखाली येते. म्हणजे वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांवरच्या संस्थेत मुलाच्या उच्चारांवर काम करणारे आणि पवईच्या आयआयटीत मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचे संगणकीय जाळे (वर्डनेट) विणणारे, दोघेही माझे शेजारी ठरतात. दादरच्या पुलावर उभे राहून कोणत्या फलाटावर उतरायचे तेच न कळावे, तशी अवस्था झाली आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हातात सामग्री आधीच असेल, तर उपक्षेत्र कशावरून निवडतात? आणि संशोधनाचे प्रशिक्षण नसताना ठेवलेली ही वही सामग्री म्हणून मान्य होईल का?

प्रतिसाद १

ताई, वही वाचायला आवडेल. चौघांचेही म्हणणे बरोबर आहे, कारण एकाच सामग्रीला चार वेगळे प्रश्न विचारता येतात आणि प्रश्न बदलला की क्षेत्र बदलते. तुमचा सगळ्यात जिवंत मजकूर गुजराती, तमिळ आणि हिंदी मुलांच्या तुलनेचा आहे. तिथे तुम्ही 'हे मूल असे का म्हणते' असे विचारत आहात, आणि तो प्रश्न द्वितीय भाषा संपादनाचा आहे. आराखड्यात तेच लिहावे. धोरण प्रस्तावनेत एका परिच्छेदात येऊ द्या. परीक्षेचा भाग पूर्ण सोडा, तो स्वतंत्र प्रबंध होईल.

कुपवाडचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. मुलाचे वाक्य प्रमाण मराठीशी ताडून पाहायचे की त्याच्या कानावर रोज पडणाऱ्या मराठीशी, हे आधीच ठरवावे लागेल. वर्गमित्रांकडून, रिक्षावाल्याकडून तो 'मी त्याला बोललो' हेच ऐकत असेल, तर तो ते बरोबर शिकला आहे. आणखी एक शंका: मुंबईच्या हिंदीत मराठी 'आपण'सारखा 'अपन' आहे. तुमच्या त्या मुलीच्या तोंडी तो आहे का? असेल तर 'हम'वरून केलेला तुमचा खुलासा पुन्हा तपासावा लागेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे कडू आहे. तुमच्या वहीत फक्त चुका आहेत. 'मुलगाने' वीस वेळा आले असेल, पण त्याच काळात 'मुलाने' किती वेळा बरोबर आले, याची नोंद नसेल तर प्रमाण काढता येत नाही. त्याहून मोठी अडचण १९७४ मध्ये जॅकलिन शॅक्टर यांनी दाखवली होती: इंग्रजी शिकणाऱ्या चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या संबंधी उपवाक्यांत ('जो काल आला तो मुलगा' अशा रचनांत) चुका कमी निघाल्या, पण मुळात ते तशी वाक्येच कमी वापरत होते. चूक न दिसणे म्हणजे येणे, असे धरता येत नाही. वही फेकू नका, ती तुम्हाला प्रश्न देते. उत्तरासाठी मुलांचे संपूर्ण निबंध लागतील.

प्रतिसाद २

पालकांची लेखी संमती आणि शाळेची परवानगी आधी घ्या, मुलांची नावे काढून टाका. हे मागाहून करता येत नाही, हे मी स्वतःच्या एका वाया गेलेल्या वर्षावरून सांगतो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. 'अपन'चे माझ्या डोक्यातच आले नव्हते. सोमवारी मधल्या सुट्टीत कान देऊन ऐकते.

शॅक्टर यांचा मुद्दा वाचून काल रात्री एका तमिळभाषक मुलाची निबंधवही काढली. सर्वनाम कधीच न चुकवणारा विद्यार्थी म्हणून मी त्याचे उदाहरण सगळ्यांना देत आले आहे. वर्षभराच्या बारा निबंधांत 'आपण' एकदाही नाही आणि 'आम्ही'ही नाही. सहल असो की क्रिकेटचा सामना, सगळीकडे 'मी आणि माझे मित्र' असे लिहिले आहे.

तेव्हा आता तिसरा प्रश्न. त्या मुलाला 'आपण' किंवा 'आम्ही' वापरावेच लागेल, पण मला तेच हवे आहे असा संशय येणार नाही, असे काम वर्गात कसे द्यावे?