मदत हवी आहे : बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री संग्रहालयात ११० व्या पलटणीच्या खुणा पाहायला मिळतील का?

नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही निपाणीहून सौंदत्तीला यल्लम्मा देवीच्या दर्शनाला जाणार आहोत आणि वाटेत बेळगावला एक मुक्काम ठेवला आहे. हा मुक्काम खरे तर माझ्या ७९ वर्षांच्या वडिलांसाठी आहे, कारण मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरचे संग्रहालय एकदा तरी पाहावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा आहे.

वडिलांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले ते परतलेच नाहीत. आमच्या घरात याविषयी 'बसऱ्याला गेले' एवढेच सांगितले जात असे. त्यांचे चांदीचे पदक मात्र आजीने, अडचणीच्या दिवसांतही न मोडता, देव्हाऱ्यात जपून ठेवले. गेल्या महिन्यात भिंगातून पाहिले तेव्हा पदकाच्या कडेवर शिपाई क्रमांक, नाव आणि '११० मराठा' अशी इंग्रजी अक्षरे दिसली, आणि शंभर वर्षांनी त्यांची पलटण आम्हाला समजली.

मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजनचे ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली आणि त्यानंतर युद्धकैद्यांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर सामान्य हिंदी शिपायांची नावे कोरलेलीच नाहीत, त्यांची केवळ पलटणवार संख्या आहे. म्हणून वडिलांना हात जोडायला जागा उरते ती बेळगावचीच.

अडचण अशी आहे की १९२२ च्या फेररचनेत ११० वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे होते. पुढे ती छत्रीधारी (पॅराशूटने उतरणारी) पलटण होऊन आज २ पॅरा (मराठा) म्हणून ओळखली जाते. तेव्हा या पलटणीची निशाणे, छायाचित्रे व कागदपत्रे बेळगावच्या संग्रहालयातच आहेत, की पलटणीबरोबर गेली? ज्यांनी दालने प्रत्यक्ष पाहिली आहेत त्यांनी कृपया सांगावे.

तसेच परिसर लष्करी असल्याने पूर्वपरवानगीसाठी अर्ज कोणाकडे करावा लागतो, आधार कार्ड पुरते का, आणि पदक सोबत नेल्यास प्रवेशद्वारावर काही हरकत घेतली जाते का? शिपाई क्रमांकावरून जुनी नोंद शोधून देणारे कोणी तिथे भेटते का, हेही कळावे. वडिलांचे गुडघे दुखत असल्याने त्यांना फार चालवत नाही. त्यामुळे गाडी कुठपर्यंत नेता येते आणि आत पायऱ्या किती आहेत, हे समजल्यास त्याप्रमाणे दिवस ठरवता येईल.