एमपीडीए, तडीपारी, मोक्का : धोकादायक माणसाला कायदा आधीच थोपवू शकतो का?

उंबरठा यांचा प्रश्न :

पेपरात दर आठवड्याला एक बातमी ठरलेली असते. 'सराईत गुन्हेगार एमपीडीएखाली स्थानबद्ध' (म्हणजे त्या कायद्याखाली खटला न चालवता आत), नाहीतर 'टोळीप्रमुखासह चौघे दोन वर्षांसाठी तडीपार'. महिन्याभराने दुसरी येते : 'तडीपार गुंड कोयत्यासह जेरबंद'. म्हणजे ज्याला जिल्ह्याबाहेर काढला तो त्याच चौकात उभा होता. मग हायकोर्टाने स्थानबद्धता रद्द केल्याची बातमी येते. त्यानंतर कुणीतरी पुढारी म्हणतात, 'आणखी कडक कायदा आणू.'

माझे प्रश्न दोनच. गुन्हा घडायच्या आधी माणसाला अडवणारे हे कायदे प्रत्यक्षात कसे चालतात, आणि ते कुठे सुटतात? ज्याला खून करायला भीती वाटत नाही त्याला कलमाची भीती वाटेल, असं मानायला काही आधार आहे का? कुठल्या सरकारच्या काळात काय झालं हा वाद इथे नको, माहिती हवी.

---

कलमदान :

दुसऱ्या प्रश्नात एक गृहीतक आहे, ते आधी बाजूला काढू. प्रतिबंधक कायदे धाकावर चालत नाहीत. धाक हे शिक्षेच्या कायद्याचं काम. प्रतिबंधक कायदा माणसाकडून एखादी गोष्ट काढून घेतो : जामिनाची रक्कम, इलाखा किंवा वर्षभराचं स्वातंत्र्य. त्याला भीती वाटो न वाटो.

पहिली पायरी चॅप्टर केस, म्हणजे नीट वागण्याचं बंधपत्र लिहून घेणं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १०७, १०९, ११०. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच १२६, १२८, १२९ झाली, पण पोलीस ठाण्यात अजून '११० केली' असंच म्हणतात. शांतता राखण्याचं बंधपत्र एक वर्षापर्यंत, सराईताकडून चांगल्या वर्तणुकीचं तीन वर्षांपर्यंत. ग्रामीण भागात ही सुनावणी बहुधा तहसीलदारांपुढे चालते, आयुक्तालयात सहायक पोलीस आयुक्त विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात. बंधपत्र मोडलं तर रक्कम जप्त होते, किंवा उरलेल्या मुदतीसाठी तुरुंग. कागदावर हे छान दिसतं. व्यवहारात बंधपत्र लिहून घेतात, फाईल कपाटात जाते, आणि त्याच माणसावर पुढचा गुन्हा दाखल झाला की तपास अधिकारी जुनं बंधपत्र जप्त करण्याचा प्रस्ताव पाठवायलाच विसरतो. चौकशी सहा महिन्यांत संपवायची असते. ती न संपवता नुसत्या अंतरिम बंधपत्रावर काम भागवलं तर सगळं प्रकरण पडतं.

दुसरी पायरी तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ५५ टोळीसाठी, ५६ एकट्यादुकट्यासाठी, ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५९ खाली आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं, आदेशानंतर ३० दिवसांत शासनाकडे अपील. ५६ मधली मेख अशी की माणूस हिंसक आहे एवढ्यावर भागत नाही. त्याच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, हेही अधिकाऱ्याने साहित्यासह लिहावं लागतं. बरेच आदेश इथेच अडखळतात, कारण सोबत जोडलेल्या गुन्ह्यांत फिर्यादी आणि साक्षीदार नावानिशी हजर असतात!

दुसरी चूक मुदतीची. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि पूर्ण दोन वर्षं द्यायची असतील तर दोनच का, याची कारणं आदेशातून दिसली पाहिजेत. तरी छापील नमुन्यात 'दोन वर्षे' भरून आदेश निघत राहतात.

तिसरी क्षेत्राची. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड ही २०१८ पासून वेगळी आयुक्तालयं आहेत. फक्त पुणे शहरातून काढलं तर माणूस दापोडीचा पूल ओलांडून बसतो आणि फोनवरून कारभार चालवतो. म्हणून आदेशात पिंपरी-चिंचवड आणि उरलेला जिल्हाही घालतात. मग हायकोर्ट विचारतं, सगळे गुन्हे एकाच ठाण्याच्या हद्दीतले असताना अख्खा जिल्हा कशाला? याचं उत्तर देता येतं. दोन्ही शहरं सलग आहेत, माणसाचे साथीदार कुठे राहतात, वाहतूक कशी आहे, हे दोन परिच्छेदांत लिहिता येतं. ते लिहिलेलं नसतं एवढंच.

आणि तडीपार परत आला तर? कलम १४२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. तुमची 'कोयत्यासह जेरबंद' ही बातमी म्हणजे खरं तर कायदा चालल्याची बातमी आहे. आक्षेप घ्यायचा तर पुढच्या टप्प्यावर घ्या : लगेच जामीन होतो, आणि खटला उभा राहीपर्यंत तडीपारीची मुदत संपलेली असते.

---

पंचनामा :

एमपीडीएबद्दल लिहितो, कारण 'धोकादायक व्यक्ती' ही त्या कायद्यातलीच संज्ञा आहे. कायदा १९८१ चा, मुळात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थवाल्यांसाठी. धोकादायक व्यक्ती नंतर जोडली गेली, पुढे व्हिडिओ पायरसीवाले, वाळूतस्कर, काळाबाजारवालेही आले. व्याख्या अशी : एकटा किंवा टोळीचा सदस्य म्हणून, शरीराविरुद्धचे किंवा मालमत्तेविरुद्धचे गुन्हे, नाहीतर शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या प्रकरणातले गुन्हे जो सवयीने करतो तो. 'सवयीने' या शब्दावर भार आहे. चार वर्षांपूर्वीची एक मारामारी आणि कालचा एक गुन्हा याला सवय म्हणत नाहीत.

आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त काढतात. तिथून घड्याळ सुरू होतं. स्थानबद्ध केल्यापासून ५ दिवसांत कारणं हातात द्यायची, त्याला समजणाऱ्या भाषेत, सगळ्या कागदांसह. आदेशापासून १२ दिवसांत शासनाची मान्यता, नाहीतर आदेश संपला. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे, सात आठवड्यांत मंडळाचा अहवाल. जास्तीत जास्त १२ महिने. मंडळापुढे वकील देता येत नाही.

आता आदेश का पडतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त कारणं कारकुनी असतात, आणि म्हणूनच चीड आणणारी.

जामिनाचा आदेश पुढ्यात नसतो. माणूस जामिनावर सुटला आहे, कोर्टाने त्याला ठाण्यात हजेरी लावायची अट घातली आहे, आणि स्थानबद्ध करणाऱ्या अधिकाऱ्याला ते माहीतच नाही. मग हायकोर्ट म्हणतं, महत्त्वाचा कागद न पाहता समाधान कसं झालं? अटी मोडल्या असतील तर आधी जामीन रद्द करून घ्यायचा साधा रस्ता होता. तो न धरता थेट एमपीडीए का?

दुसरं, उशीर. शेवटचा गुन्हा मार्चमध्ये, प्रस्ताव जूनमध्ये, आदेश सप्टेंबरमध्ये. जो माणूस इतका धोकादायक होता की खटला न चालवता आत टाकायचा, तो सहा महिने मोकळा कसा फिरला? गुन्हा आणि आदेश यांतला जिवंत दुवा तुटला की आदेश तुटतो. मधल्या काळाचा हिशेब तारखांनिशी द्यावा लागतो, 'प्रशासकीय कारणास्तव' चालत नाही.

तिसरं, अर्जाचा हक्क. शासनाने मान्यता देईपर्यंत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही निवेदन करता येतं, आणि हे स्थानबद्धाला कळवलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली याच कायद्याखालच्या प्रकरणात ठरवलं. नमुन्यातलं हे एक वाक्य गळालं की बाकी फाईल कितीही भक्कम असो, गेली.

या सगळ्याच्या वर मोठा आक्षेप असतो कायदा व सुव्यवस्था आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांतल्या फरकाचा. १९६५ साली राम मनोहर लोहिया यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडून तीन वर्तुळं सांगितली गेली. सर्वांत मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षेचं. जुन्या वैरातून एकाला गल्लीत गाठून मारला, हे पहिल्या वर्तुळात राहतं. बाजारात कोयता फिरवला, दुकानदारांनी शटर ओढली, लोक पळाले, तर ते दुसऱ्यात येतं. एमपीडीए दुसऱ्यासाठी आहे. फिर्यादीत शटरचा आणि पळापळीचा उल्लेखच नसेल तर नंतर कारणांच्या यादीत 'परिसरात दहशत' असं लिहून काही होत नाही. म्हणजे स्थानबद्धतेचं भवितव्य पुष्कळदा पहिल्या दिवशी फिर्याद लिहिणाऱ्या हवालदाराच्या हातात असतं.

न्यायालयं गुंडांना झुकतं माप देतात, या तक्रारीशी मी सहमत नाही. खटल्याशिवाय वर्षभर आत ठेवण्याची सवलत राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिली ती या अटींवरच.

---

सुतळी :

मोक्का राहिला. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, मुंबईतल्या टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर आलेला. गेल्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं, प्रत्येकाची न्यायालयाने दखल घेतलेली, गुन्हा तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेचा, आणि टोळी म्हणून केलेला. गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षक दर्जाची पूर्वमान्यता, न्यायालयाने दखल घ्यायला अपर महासंचालक दर्जाची मंजुरी. आरोपपत्राला ९० ऐवजी १८० दिवस मिळू शकतात आणि जामिनाच्या अटी अवघड. हेच त्याचं खरं बळ. शिक्षा कधी होईल ती होवो, टोळीचा म्होरक्या तोवर बाहेर नसतो.

चूक होते ती जुनी आरोपपत्रं मोजून थांबण्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की बेकायदा कृत्य चालू राहिलं पाहिजे. नवा गुन्हाच नसेल तर जुन्या आरोपपत्रांच्या बेरजेतून मोक्का उभा राहत नाही. दुसरी चूक, टोळीतल्या ज्या पोराचा म्होरक्याशी संबंध एका फोटोपुरता आहे त्यालाही यादीत घालणं. त्याचं नाव पडताना ते बाकीच्यांच्या वकिलाला मुद्दा देऊन जातं.

टोळ्या मोक्कामुळे थंडावल्या हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. त्याच काळात चकमकी झाल्या, म्होरके परदेशात गेले, पैशाची वाट बदलली. एकट्या कायद्याच्या खात्यावर ते जमा करता येत नाही.

कोयत्याबद्दल दोन गोष्टी. शस्त्र नियमांत धारदार शस्त्राचं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलं तर ते येतं, पण घरगुती, शेती किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेलं अवजार वगळलं आहे. ऊसतोडीचा कोयता हे शेतीचं अवजार. म्हणून पोलीस शस्त्र अधिनियमाच्या जोडीला पोलीस अधिनियमाचं ३७(१) आणि १३५ लावतात, म्हणजे शस्त्रबंदी आदेशाचा भंग. तो आदेश बहुधा एका वेळी पंधरा दिवसांचा असतो, त्या तारखेला लागू असलेल्या आदेशाची प्रत आरोपपत्राला जोडावी लागते. ती नसली की कलम पोकळ.

दुसरी गोष्ट अल्पवयीन. हातात कोयता देतात तो पोरगा सतरा वर्षांचा का असतो, याचं उत्तर कायद्यातच आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलाचा खटला प्रौढासारखा चालवायचा तर गुन्हा 'निर्घृण' वर्गातला हवा, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं. खुनाच्या प्रयत्नाला कमाल जन्मठेप आहे, पण किमान शिक्षा नाही. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गुन्हे निर्घृण वर्गात येत नाहीत असं सांगितलं, २०२१ च्या दुरुस्तीने त्यांना 'गंभीर' वर्गात ठेवलं. टोळीवाल्यांना हे आपल्याहून चांगलं पाठ आहे. मुलांना प्रौढ तुरुंगात टाका असं माझं म्हणणं नाही. मुलाला पुढे करणाऱ्या प्रौढाला त्याच गुन्ह्यात ओढणं, फोनचे तपशील आणि पैशाचा माग काढून, हे आजच्या कलमांतही शक्य आहे. त्याला मेहनत लागते, नवा कायदा लागत नाही.

---

वेलदोडा :

थोडं विषयांतर, पण मूळ प्रश्नाला धरून. माणसाऐवजी वस्तूवर कायदा लावला तर काय होतं ते बांगलादेशात पाहा. ॲसिड हल्ल्याला फाशीची तरतूद तिथे १९९५ पासून होती, तरी हल्ले वाढत गेले. २००२ मध्ये दोन कायदे एकत्र आले. एक शिक्षेचा, ३० दिवसांत तपास आणि ९० दिवसांत खटला अशा मुदतींचा. दुसरा ॲसिड नियंत्रणाचा : आयात, साठा, वाहतूक, विक्री, वापर सगळ्याला परवाना. त्या वर्षी जवळजवळ पाचशे बळी नोंदले गेले होते, दहा वर्षांत तो आकडा शंभराच्या खाली आला. संस्थांचं काम आणि जनजागृतीही जोडीला होती, हे खरं. पण फाशी तर आधीपासूनच होती ना?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये विक्रेत्यांना नोंदवही, ओळखपत्र, खरेदीचं कारण, अठराखालच्यांना विक्रीबंदी, साठा प्रांताकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) जाहीर करणं आणि चुकल्यास ५० हजारांपर्यंत दंड असं सगळं लावलं. किराणा दुकानात संडास साफ करायची बाटली मागून पाहा, नोंदवही निघते का ते कळेल.

---

उंबरठा :

सगळ्यांचे आभार. एक उपप्रश्न. पंचनामा, एमपीडीएच्या बातम्यांत 'गोपनीय साक्षीदार' असतात. वस्तीतल्या माणसाने असा जबाब दिला तर नाव खरंच बाहेर येत नाही का?

---

पंचनामा :

कायद्याने द्यावं लागत नाही. सार्वजनिक हिताविरुद्ध जाणारी माहिती रोखून ठेवायची मुभा कलम ८ मध्येच आहे. स्थानबद्धाला जबाबाची प्रत मिळते ती नाव-पत्ता झाकून, साक्षीदार 'अ', साक्षीदार 'ब' अशी. मूळ जबाब न्यायालय मागवून पाहू शकतं.

धोका नावापेक्षा तपशिलात असतो. 'माझ्या चहाच्या टपरीवर येऊन गल्ल्यातून पैसे काढले' असं प्रतीत राहिलं आणि चौकात टपरी एकच असली तर नाव झाकून काय उपयोग? सही करण्याआधी पूर्ण जबाब वाचून घ्यावा आणि कुठला तपशील झाकायचा ते अधिकाऱ्याला तिथेच सांगावं. पण तारीख, अंदाजे वेळ आणि लोकांची प्रतिक्रिया मूळ जबाबात असायलाच हवी. 'गेल्या महिन्यात कधीतरी' असं लिहिलेला जबाब निरुपयोगी. दोन्ही साक्षीदारांचे जबाब शब्दशः सारखे असले की वकील पहिल्या दहा मिनिटांत तेच दाखवतो.

सहायक आयुक्त किंवा उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याने साक्षीदाराला स्वतः भेटून खातरजमा करायची असते, आणि जबाब खरा व भीती खरी वाटते असा शेरा लिहायचा असतो. वरिष्ठ अधिकारी भेटलेच नाहीत तर समजा की तो जबाब कोर्टात टिकणं कठीण.

नोंदलेल्या गुन्ह्यात साक्षीदार असाल तर रस्ता वेगळा. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ ची आहे, अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळतं, मुदतवाढीचा अर्ज ती संपायच्या आत द्यावा.